मीरा रोडच्या भूकंपाला गेले होते

आमचं गाव हलतं. कोयनेच्या खोऱ्यात घर असलं की हे सांगताना आवाज खाली आणायचं काही कारण उरत नाही. मोठा भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होते, आणि "मी कधी हलवला नाही तेवढा तो जमिनीने हलवला," असं आई सांगायची. तेव्हापासून लहानसहान धक्के चालूच आहेत. चहाचं पातेलं खुळखुळलं की आम्ही एकमेकांना विचारतो, "बसला का?" "बसला." आणि साखर घालतो. अशा गावातल्या बाईला, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईला, भूकंपाच्या भीतीपायी मीरा रोडला बोलावणं यावं, यातच या प्रवासाची निम्मी गंमत आली.

बोलावलं माझ्या धाकट्या बहिणीने, सुनंदाने. फोनवर म्हणाली, "ताई, यांना सूर्य लागलाय."

मला वाटलं विलासराव उन्हात फिरून आजारी पडले. म्हटलं, कांद्याचा रस लाव. तर म्हणाली, "तसा नाही गं. हे सूर्य बघून भूकंप सांगतात. आणि मानसीला जपानला जाऊ देत नाहीत."

मानसी ही तिची एकुलती एक मुलगी. परिचारिकेचं शिक्षण घेतलं, दोन वर्षं घासून जपानी शिकली, परीक्षा दिली आणि तिला जपानच्या दक्षिणेला कागोशिमा नावाच्या शहरात वृद्धांच्या शुश्रूषेची नोकरी मिळाली. व्हिसाही आला. आता कागोशिमासमोर, खाडीपलीकडे, एक ज्वालामुखी आहे आणि तो बाराही महिने धुमसत असतो. विलासरावांनी हे नकाशात पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांना सूर्यावर डाग दिसायला लागले. मानसी हट्टी असली तरी बापाचं मन मोडून निघणाऱ्यातली नव्हे. "पप्पा हो म्हणाले तर जाते," एवढंच तिचं म्हणणं. तिकडून निरोप आला होता की महिनाअखेरपर्यंत रुजू झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला देऊ. म्हणून मला बोलावणं. हलत्या जमिनीवर आयुष्य काढलेली बाई समोर बसवली की नवऱ्याची भीती जाईल, असा सुनंदाचा हिशोब होता. मी काळ्या घेवड्याची पिशवी बांधली आणि निघाले.

काशीमिरा ते शांती नगर

बसने मला हायवेवर काशीमिऱ्याला उतरवलं. रिक्षावाल्याला सांगितलं, शांती नगर. तो म्हणाला, "कौन सा सेक्टर?" मी सेक्टर सांगितला. "कौन सी बिल्डिंग?" बिल्डिंगचं नाव सांगितलं. त्या नावाच्या तिथे चार बिल्डिंगा निघाल्या, आणि चारही सारख्याच. तोच रंग, तीच गॅलरी, खाली तेच मोबाईलचं दुकान आणि तेच फरसाण. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो, तिथे एक गृहस्थ राहतात, सूर्याकडे बघत असतात..."

"भूकंपवाले अंकल!" त्याचा चेहरा फुलला. "पहले बोलना था ना, आंटी. मैं भी ग्रुप में हूँ."

ग्रुप म्हणजे व्हॉट्सॲपचा. नाव 'सूर्यदक्षता'. सिग्नलला थांबल्यावर त्याने त्या सकाळचं भाकीत मला वाचून दाखवलं. सूर्यावरून मोठी ज्वाळा निघाली आहे, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र घाबरं झालं आहे, येत्या पाच दिवसांत जपान किंवा इंडोनेशिया इथे जमीन हलेल अथवा ज्वालामुखी सक्रिय होईल. "और होता है, आंटी," तो म्हणाला. "एक भी गलत नहीं गया."

कसं जाणार? जपान हलेल आणि इंडोनेशियात डोंगर धुमसेल असं सांगणं म्हणजे घोडबंदर रोडला उद्या ट्रॅफिक असेल असं सांगण्याइतकंच धाडसाचं. पण भूगोलाची बाई रिक्षात काय बोलणार!

घरी पोचल्यावर मी आधी छताकडे बघितलं. आमच्याकडची ती सवयच आहे. आम्ही झोपतो त्या जागेवर माळा करत नाही, फोटो टांगत नाही, पितळेची जड भांडी जमिनीलगत ठेवतो आणि कपाट भिंतीला पट्टीने आवळतो. इथे विलासरावांच्या पलंगावर लाकडी माळा होता. त्यावर दोन लोखंडी ट्रंका, मिक्सरचं जुनं धूड, गणपतीचं मखर आणि सुनंदाच्या सासूबाईंचा पाटा. वरवंटासुद्धा. त्याखाली उशीवर तेलाचा गोल डाग. साऱ्या प्रशांत महासागराची काळजी वाहणारं डोकं रोज रात्री तिथे विसावत होतं.

"हा पाटा खाली घ्या ना विलासराव," मी म्हटलं.

"कशाला, ताई? या पट्ट्यात काही नाही," ते म्हणाले. "सगळा ताण तिकडे आहे."

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गच्चीवर नेण्यात आलं. विलासराव वीजखात्यातून निवृत्त झालेले, आणि माणूस कामाला चोख. त्यांनी दुर्बीण एका स्टुलाला सुतळीने बांधली होती आणि सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती. पुठ्ठ्यावर खरंच काळे ठिपके दिसत होते. भूगोल शिकवताना मी हे डाग फळ्यावर काढायची, आज जन्मात पहिल्यांदा बघितले. आवडले मला. हे मान्य केलं पाहिजे.

मग मंडळी जमली. सोसायटीचे सेक्रेटरी शर्माजी, समोरच्या हंसाबेन, आणि आणखी पाचसहाजण, हातात चहाचे कप. विलासराव मोबाईलवर आकडे बघून बोलायला लागले. सौरवारा किती वेगाने वाहतोय, चुंबकक्षेत्र किती ढवळलंय, सूर्याच्या कुठल्या भागाला भोक पडलंय. हे आकडे खरे असतात. मोठमोठ्या वेधशाळा ते रोज सगळ्यांना मोफत देतात. पुढचा भाग मात्र घरगुती होता.

"सूर्य म्हणजे सबस्टेशन," विलासराव म्हणाले, "आणि पृथ्वी म्हणजे तुमच्या घरातली वायरिंग. लोड आला की जिथे फ्यूज कच्चा तिथे उडणार. पण लक्षात ठेवा, एका वेळी एकच फ्यूज उडतो. एका पट्ट्यात ताण उतरला की बाकीचे पट्टे पंधरा दिवस शांत. हा माझा नियम."

"बराबर," हंसाबेन म्हणाल्या. त्यांनी मला कानात सांगितलं की गेल्या दिवाळीपासून त्या भाईंना विचारल्याशिवाय लोणच्याची बरणीसुद्धा वरच्या फळीवर ठेवत नाहीत.

"मग आज कुठला फ्यूज?" शर्माजींनी विचारलं.

"जपान," विलासराव म्हणाले. "दक्षिण जपान. भूकंप आणि ज्वालामुखी, दोन्ही."

मानसी कठड्याशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. "रोज तेच असतं, मावशी," ती हळूच म्हणाली. "मोबाईलवर तिथली बातमी येते आणि सगळे टाळ्या वाजवतात. पप्पांचं बरोबर आलं म्हणून." मला त्या पुठ्ठ्यावरच्या सूर्याचा नाही, पण त्या टाळ्यांचा भयंकर राग आला. एका मुलीची नोकरी तिथे दर सकाळी थोडी थोडी बुडत होती आणि प्रेक्षक चहा पीत होते.

बोंबलाच्या ताटावर

उत्तनचे बोंबील सुनंदाने रव्यात घोळवून कुरकुरीत तळले होते. आमच्या खोऱ्यात मासा म्हणजे नदीचा, काट्यांचा आणि संयमाचा. बोंबील तोंडात विरघळतो, त्यामुळे खाणाऱ्याला बोलायला भरपूर सवड मिळते. मी ती घेतली.

"विलासराव, जपान हलणार हे सांगायला सूर्य कशाला हवा? ते तर आमच्या शाळेतली पाचवीची पोरंही सांगतील."

"म्हणजे?"

"म्हणजे हिंमत असेल तर जिथे कधी हलत नाही तिथलं सांगा. तुमच्या मीरा रोडचं सांगा की!"

सुनंदाने माझ्या पायावर पाय दिला. विलासरावांनी बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला नीट लावला, हात धुतले आणि भर उन्हात गच्चीवर गेले. दोन दिवस ते माझ्याशी फक्त "ताई, पाणी गरम आहे" एवढंच बोलले. मी आपली मानसीबरोबर बाजारात हिंडले, खमंग हांडवो खाल्ला, आणि भाजीवाल्याने माझ्या मराठीला हिंदीत आणि मानसीच्या हिंदीला मराठीत उत्तर दिलं तेव्हा खूप हसले. पण मानसीचं लक्ष सारखं फोनकडे होतं. महिना संपत आला होता.

शुक्रवारी 'सूर्यदक्षता'वर, ज्यात सुनंदाने मलाही घातलं होतं, भाकीत आलं. आदल्या दिवशी सूर्यावर जोरदार स्फोट झाला आहे. या वेळी ताण पूर्वेला न जाता भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरेल. मीरा-भाईंदर आणि आजूबाजूचा परिसर. रविवारी. सर्वांनी सकाळीच इमारती सोडून मोकळ्या जागी जावे. घोडबंदर किल्ला ठरवला आहे. येताना पाणी आणि चटई आणावी.

"आजूबाजूचा म्हणजे कुठवर?" मी विचारलं.

"ते ताण ठरवतो," विलासराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सूड उगवल्याचं समाधान होतं. माझ्या एका टोमण्यापायी त्यांनी अख्खी सोसायटी घराबाहेर काढली होती.

घोडबंदर

रविवारी सकाळी बिल्डिंग रिकामी झाली. कशी, तर लिफ्टने. भूकंपाच्या दिवशी लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. इथे प्रत्येक मजल्यावर रांग. जिन्याने जावं म्हटलं तर जिन्यात सायकली, चपलांचे स्टँड आणि दुसऱ्या मजल्यावाल्यांचं मोडकं वॉशिंग मशीन. शर्माजी ओरडत होते, "लाइन से आइए, लाइन से! सीनियर सिटीजन पहले!" हंसाबेनसाठी लिफ्ट दोनदा वर गेली, कारण ढोकळ्याचा डबा वरच राहिला होता.

किल्ल्यावर चैत्रातलं ऊन तापायला लागलं होतं. मंडळींनी सावली शोधली. सावली होती ती जुन्या दगडी भिंतीची. भूकंपाला भिऊन आलेली माणसं त्या तीनशे वर्षांच्या भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसली. काहींनी उशाही आणल्या होत्या. मी आणि मानसी मोकळ्यावर डोक्यावर पदर-ओढणी घेऊन बसलो, तर शर्माजी कळवळून म्हणाले, "दीदी, धूप लग जाएगी, इधर दीवार के पास आइए."

गावातली एक बाई ताडगोळ्यांची टोपली घेऊन आली. एवढी गर्दी बघून ती थबकली. "कनाला आलाव एवरी मानसं? लगीन हाय का?"

"लगीन न्हाय, भूकंप हाय," मी तिच्या सुरात म्हटलं.

"कवा हाय?"

"दुपारपर्यंत."

"मंग ताडगोले घ्या. तवर टाइम जाल," ती म्हणाली आणि टोपली उतरवली. अर्ध्या तासात टोपली रिकामी झाली, मग ती घरी जाऊन दुसरी घेऊन आली.

दुपार झाली. ढोकळा संपला. काहीच हललं नाही. पोरं कुरकुरायला लागली, कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर विचारला, आणि कुणीतरी हळूच म्हणालं की घरी कुकरमध्ये डाळ भिजत ठेवलीय. विलासराव मोबाईलकडे बघत एकटेच उभे होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी ते माझ्याकडे आले. आवाज अगदी पडलेला.

"ताई, तुमच्याकडे... गावाला काही?"

आता आमच्याकडे काही आहे का, हे विचारणं म्हणजे उडप्याकडे इडली आहे का विचारण्यासारखं. मी सर्वांसमोर शेजारच्या वत्सलावहिनींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वहिनी, आज धक्का बसला का?"

"झाला की सकाळी एक, बारका. म्हशीनं कान हलवलं. का गं?"

विलासरावांनी दोन्ही हात वर केले. "पश्चिम किनारा आणि आजूबाजूचा परिसर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शर्माजींनी त्यांना मिठी मारली. हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या भूकंपाने आमच्या म्हशीचा फक्त कान हलला, त्याने घोडबंदरला अशी दिवाळी केली. मी फोन पिशवीत टाकला; आता आपलंच हसं होणार हे कळलं. मी तो फोन केवळ खोडी काढायला केला होता. त्याच्यातून पुढे जे झालं त्याचं श्रेय माझं नाही.

मानसी उठली आणि भिंतीजवळ जाऊन वडिलांसमोर उभी राहिली.

"पप्पा, म्हणजे ताण इकडे उतरला ना?"

"उतरला ना! सगळ्यांनी ऐकलं की."

"मग जपान?"

"शांत. माझा नियमच आहे, पंधरा दिवस शांत."

"नक्की?"

"अगं, माझं भाकीत कधी चुकलंय का?"

"मग मी या पंधरा दिवसांत जाते," मानसी म्हणाली. "तुमच्या हिशोबाने आता इथल्यापेक्षा तिथेच सुरक्षित आहे."

टाळ्या थांबल्या. नाही म्हणायला विलासरावांकडे एकच वाट होती, आणि ती म्हणजे हे सगळं खोटं आहे, असं त्या भिंतीला टेकलेल्या मंडळींना सांगणं.

"बात तो सही है, भाईसाहब," शर्माजी मनापासून म्हणाले. "बच्ची को यहाँ खतरे में क्यों रखना?"

"मोकली दो, भाई, मोकली दो, पाठवून द्या," हंसाबेन म्हणाल्या. "फटाफट."

ज्या माणसांच्या टाळ्यांवर तो सहा महिने मोठा झाला होता, त्यांनीच त्याची मुलगी त्याच्या हातून काढून विमानात बसवायला घेतली होती. विलासराव खाली बसले. ऊन, टाळ्या, विजय, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं आणि उरला एक भेदरलेला बाप. मला इतके दिवस त्यांचं हसू येत होतं. त्या क्षणी आलं नाही.

"आणि पंधरा दिवसांनंतर गं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका लहान होता की फक्त आम्हा तिघींना, मला, सुनंदाला आणि मानसीला, ऐकू गेला.

मानसी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "नंतरचं तुम्ही रोज सांगाल ना, पप्पा. मी रोज विचारीन."

त्यांनी होकाराची मान हलवली. मग आम्ही सगळे घरी आलो, आणि पुन्हा लिफ्टला रांग लागली.

परत, खोऱ्यात

मानसी पुढच्याच आठवड्यात, महिना संपायच्या आत, गेली. मी निघण्याआधी मखर, मिक्सर, ट्रंका आणि पाटा-वरवंटा खाली घ्यायला लावला. विलासरावांनी स्वतः स्टुलावर चढून सगळं काढलं.

तिकडून मानसी अधूनमधून फोन करते. डोंगराने राख उडवली आणि वारा शहराकडे असला की तिथली माणसं पाऊस नसतानाही छत्री उघडून कामाला जातात, वाळत घातलेले कपडे झटकून पुन्हा धुतात आणि अंगणातली राख पिशव्यांत भरून नगरपालिकेच्या गाडीला देतात, असं तिने सांगितलं. ज्यांची सेवा करते त्या आजीबाई धक्का बसला की आधी चहाचा कप धरतात. मला त्या आजी फार आपल्या वाटल्या.

मी 'सूर्यदक्षता' ग्रुप सोडलेला नाही. भाकीत रोज सकाळी येतं. चिली हलणार असते, इंडोनेशिया धुमसणार असतो, अधूनमधून आमचा पश्चिम किनाराही असतो. जपान मात्र शांत. दररोज. पंधरा दिवस कधीच उलटून गेले, पण विलासरावांच्या नकाशात जपान आता हलत नाही, आणि तिथली जमीन तर हलायची थांबलेली नाही. त्यामुळे ज्याची सगळी भाकितं खरी ठरायची तो माणूस आता रोज चुकतो. मंडळी सुरुवातीला दुरुस्त करायची. शर्माजींनी लिहिलं, "भाईसाहब, आज सुबह तो जापान में आया था, टीवी पे दिखाया." विलासरावांनी उत्तर दिलं, "नगण्य." मग माणसं एकेक करून ग्रुप सोडायला लागली. रिक्षावालाही गेला. हंसाबेनची लोणच्याची बरणी पुन्हा वरच्या फळीवर गेल्याचं सुनंदा सांगते.

तिने आणखी एक सांगितलं. विलासराव आताशा गच्चीवर जातच नाहीत. उठले की आधी मोबाईलवर जपानी वेधशाळेचं पान उघडतात, राख कुठे पडणार, वारा कुठला, हे भाषांतर करून करून वाचतात, आणि मग चष्मा पुसून भाकीत लिहितात. आज सकाळी मी चहा ठेवला होता तेव्हा ते आलं. ग्रुपमध्ये आता ते, सुनंदा, मानसी आणि मी, एवढेच उरलोय. चिली नाही, इंडोनेशिया नाही, सूर्याचं नावसुद्धा नाही.

"कागोशिमा पूर्ण शांत. तरी छत्री घेऊन जा."